गरुड परत आले, माणसांचं काय?

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका बेटावर जूनमध्ये आठवडाभर राहून आलो. आल्याआल्या नेहमीच्या उत्साहाने ढीगभर फोटो घरी पाठवून दिले. पांढरी वाळू, निळंहिरवं पाणी, मागे काळे डोंगर, एका फोटोत उडणारा गरुड (बायकोने काढलेला, मी काढलेल्या सगळ्या फोटोंत नुसतं आकाश आहे). दुसऱ्याच दिवशी गुहागरहून काकांचा फोन.

"बघितले रे सगळे फोटो. एकात पण माणूस दिसत नाही! काय नशीबवान देश. देवाने सढळ हाताने दिलंय आणि माणसं मोजकी. नाहीतर आपल्याकडे बघ..."

"आपल्याकडे बघ" च्या पुढे काय येतं ते तुम्हालाही पाठ असेल. गर्दी, कचरा, प्लास्टिक, शिस्त नाही वगैरे. एरवी मीही त्यात माझी भर घातली असती. परदेशात राहणाऱ्या माणसाला हे फार सोपं जातं. पण या वेळी मला हो म्हणवेना. कारण आठवडाभर त्या बेटावर फिरल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या होत्या. तिथे जे आहे ते सगळं देवाने दिलेलं नाही. आणि तिथे जे नाही, म्हणजे माणसं, तीही देवाने नेलेली नाहीत.

पण आधी बेटाबद्दल सांगतो.

बेटाचं नाव मल. (हसू नका, इंग्रजीत तोच उच्चार आहे. काकांना मी दोनदा स्पेलिंग सांगितलं.) ओबन नावाच्या बंदरातून गाडीसकट बोटीत चढायचं, की पाऊण तासात क्रेग्न्यूरच्या धक्क्यावर. क्षेत्रफळ ८७५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळजवळ दीडपट. वस्ती साधारण तीन हजार. आमच्या डोंबिवलीच्या दोन-तीन सोसायट्या भरतील एवढीच! रस्ते बहुतेक एकपदरी. समोरून गाडी आली की कुणीतरी एकाने बाजूच्या फुगवट्यात थांबायचं, दुसऱ्याने जाताना हात वर करून आभार मानायचे. दोन दिवसांनी हाताला सवयच लागते, आणि परत ग्लासगोत आल्यावर अनोळखी लोकांना हात दाखवले जातात.

मराठी माणसाला मल ओळखीचं वाटतं, त्याला कारण आहे. तिथले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आहेत, अगदी आपल्या सह्याद्रीसारखे. दोन्हीकडचा दगड एकाच जातीचा, लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला बसाल्ट. आपल्या दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, यांचा सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचा. बेन मोर हा इथला सर्वांत उंच डोंगर, ९६६ मीटर. ढगात डोकं आणि अंगावरून शंभर ओहोळ. क्षणभर माळशेजच्या पावसाळ्यात असल्यासारखं वाटतं. फक्त झाडं नाहीत आणि भजी नाहीत.

जवळच स्टॅफा नावाचं इवलंसं बेट आहे. तिथे हाच बसाल्ट थंड होताना षट्कोनी खांबांत फुटला आणि समुद्राने त्यात गुहा कोरली. जर्मन संगीतकार मेंडेल्सन १८२९ मध्ये तिथे गेला आणि त्या अनुभवातून त्याने केलेली रचना आजही वाजवली जाते. असेच खांब आपल्या अंधेरीत गिल्बर्ट हिलला आहेत, चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेले. असो.

प्राणी-पक्षी बघायचे असतील तर एप्रिलअखेर ते जुलै हा काळ उत्तम. लुंगा बेटावर पफिन असतात. काळापांढरा कोट, रंगीत चोच, चालणं एखाद्या पोटसुटलेल्या हेडक्लार्कसारखं. ते जमिनीत बिळं करून अंडी घालतात आणि माणसांना मुळीच घाबरत नाहीत. उलट माणसं आसपास असली की अंडी-पिल्लं पळवणारे मोठे पक्षी लांब राहतात, असं आमच्या नावाड्याने सांगितलं. खाडीच्या कडेने पाणमांजरं दिसतात, पण त्याला भरपूर धीर लागतो. आम्हाला चौथ्या दिवशी एक दिसलं. खेकडा खाऊन झाला आणि ते पाण्यात गेलं, जेमतेम दोन मिनिटं. लेकीने ती दोन मिनिटं गेल्या महिन्यात निदान वीस जणांना सांगितली असतील. (आणि हो, संध्याकाळी वारा पडला की बारीक चिलटं येतात. चावून नको करतात. फोटोत ती दिसत नाहीत म्हणून सांगून ठेवतो.)

आता गरुड. ज्याच्यासाठी बहुतेक लोक मलला जातात तो समुद्री गरुड. पंखांचा पसारा आठ फुटांपर्यंत. डोक्यावरून गेला की आपण आपोआप मान खाली घालतो. हे पक्षी तिथे अनादिकाळापासून आहेत असं मला वाटत होतं. ते चूक आहे. मेंढपाळांनी, शिकारीची राखण करणाऱ्यांनी आणि अंडी जमवणाऱ्या हौशी लोकांनी मिळून ब्रिटनमधून हा पक्षी नामशेष केला होता. शेवटचा पक्षी १९१८ मध्ये शेटलंडमध्ये मारला गेला. म्हणजे माझ्या पणजोबांच्या काळात मलला कुणी गेलं असतं तर त्याला एकही समुद्री गरुड दिसला नसता.

मग १९७५ मध्ये सरकारी निसर्गखात्याने नॉर्वेतून गरुडाची पिल्लं आणायला सुरुवात केली. हवाईदलाच्या विमानातून ती यायची. मलच्या उत्तरेला असलेल्या रम बेटावर त्यांना वाढवून सोडायचे. १९८५ पर्यंत अशी ८२ पिल्लं सोडली. पहिली घरटी फसली. १९८५ मध्ये मलवर पहिलं पिल्लू घरट्यातून उडालं, म्हणजे पहिली खेप आल्यावर दहा वर्षांनी. त्यानंतरही अंडीचोरांच्या भीतीने घरट्यांवर रात्रंदिवस पहारे दिले गेले. पक्षीसंस्था, वनखातं, पोलिस आणि बेटावरच्या लोकांची संस्था असे सगळे मिळून ते काम करतात. आज मलवर गरुडांच्या वीसपेक्षा जास्त जोड्या आहेत. आरएसपीबी या पक्षीसंस्थेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे गरुड बघायला येणाऱ्यांमुळे बेटाला वर्षाला ४९ ते ८० लाख पौंड मिळतात.

म्हणजे काका, यात देवाचा हात थोडा आणि माणसांचा जास्त. कुणीतरी ठरवलं, पैसे घातले आणि दहा वर्षं काही दिसत नसताना काम चालू ठेवलं. मला यातलं सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर ते ही दहा वर्षं. आपल्याकडे दहा वर्षांत दोन मंत्री, तीन सचिव आणि चार योजना बदलल्या असत्या.

इथवर सगळं छान छान. प्रवासवर्णन इथे संपवलं असतं तरी चाललं असतं. पण पाचव्या दिवशी आम्ही कॅलगरीच्या किनाऱ्यावर गेलो.

हो, कॅलगरी. कॅनडातल्या शहराचं नाव या किनाऱ्यावरून पडलं. १८७६ मध्ये तिथल्या घोडदळ पोलिसांच्या एका अधिकाऱ्याने इथली आठवण म्हणून आपल्या ठाण्याला ते नाव दिलं. आज कॅनडातल्या कॅलगरीत दहा लाखांहून जास्त लोक राहतात. मूळच्या कॅलगरीत शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरीशुभ्र वाळू आहे, रानफुलांचं कुरण आहे आणि बोटांवर मोजता येतील इतकी घरं आहेत. मी पाठवलेला, काकांना सगळ्यात आवडलेला फोटो तिथलाच.

त्या फोटोच्या चौकटीबाहेर, डाव्या हाताला टेकडीवर इनिव्हे नावाचं गाव आहे. म्हणजे होतं. आम्ही नेच्यांच्या रानातून वाट काढत वर गेलो. कमरेएवढ्या दगडी भिंती, दरवाजाची जागा, शेतीच्या वाफ्यांचे वळ अजून जमिनीवर दिसतात. लेकीने विचारलं, "बाबा, हे लोक कुठे गेले?"

उत्तर लांबलचक आहे, थोडक्यात सांगतो. १८२१ च्या सुमाराला मलवर दहा हजारांहून जास्त माणसं राहत होती. जमीन त्यांची नव्हती, जमीनदाराची होती. आपल्या कोकणात खोत असायचे, तसं काहीसं. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात समुद्रशेवाळ जाळून त्याची राख काच आणि साबण करणाऱ्यांना विकायचा धंदा तेजीत होता. त्यासाठी हात हवे होते म्हणून जमीनदारांना माणसं हवी होती. युद्ध संपलं, बाहेरून स्वस्त माल आला, धंदा बसला. मग हिशेब झाला की माणसांपेक्षा मेंढ्या परवडतात. गावंच्या गावं उठवली गेली. उरलेल्यांना किनाऱ्यालगतचे तुकडे मिळाले, त्यांवर बटाट्याशिवाय काही भागेना, आणि १८४६ मध्ये बटाट्यावर रोग पडला. लोक ग्लासगोला, कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला गेले. कुळांना जमिनीवर टिकून राहायचा हक्क देणारा कायदा १८८६ मध्ये आला. तोवर इनिव्हेत कायद्याचा फायदा घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

बाजूच्याच उल्वा बेटावर हा हिशेब आणखी स्पष्ट दिसतो. १८३७ च्या सुमाराला तिथे सहाशे माणसं होती. १८३५ मध्ये बेट विकत घेतलेल्या मालकाने त्यांतली बहुतेक काही वर्षांत घालवली. २०१८ मध्ये तिथे सहाच्या आसपास माणसं होती. सहाशेची सहा.

आता यावर म्हणता येईल (काका म्हणालेच) की अरे, राहिले असते तर उपाशी मेले असते, तिकडे जाऊन त्यांचं भलंच झालं. काहींचं झालं, हे खरं आहे. कित्येक जण आपखुशीनेही गेले. उल्वावरच जन्मलेला लॅकलन मॅक्वारी सैन्यात गेला, मुंबईत राहिला, पुढे १८१० मध्ये न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झाला. त्याच्या पहिल्या बायकोचं, जेन जार्व्हिसचं, दफन मुंबईत झालं. हिंदुस्थानातल्या कमाईवर त्याने मलमध्ये जमीन घेतली आणि तिला बायकोच्या आठवणीसाठी जार्व्हिसफील्ड नाव दिलं. पण स्वतःहून बोटीवर चढणं वेगळं आणि घराचं छप्पर काढल्यावर चढणं वेगळं. आणि बटाट्यावर जगायची पाळी आधी त्यांच्यावर आणली गेली, मग बटाटा गेला, हा क्रम विसरून चालणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की त्या निर्मनुष्य फोटोला नुसतं "निसर्गरम्य" म्हणणं बरोबर नाही. झाडं नसलेले ते मोकळे डोंगर नैसर्गिक नाहीत, त्यांत मेंढ्यांच्या चरण्याचा मोठा वाटा आहे. ती शांतताही नैसर्गिक नाही. आपण पैसे मोजून जी शांतता घ्यायला जातो, तिची किंमत दुसऱ्या कुणीतरी दोनशे वर्षांपूर्वी भरलेली आहे. हे ठाऊक असूनही किनारा सुंदरच दिसतो, मला दिसला. पण मग "माणसं नाहीत म्हणून बरं" हे वाक्य तोंडातून निघत नाही.

शेवटच्या दिवशी एका मेंढपाळाशी गप्पा झाल्या. आमच्या मुक्कामाच्या घरामागेच त्याचं कुरण. गरुड त्याची कोकरं उचलतात. भरपाई म्हणून नाही, पण राखणीसाठी सरकारी योजनेतून थोडी मदत मिळते. मला वाटलं तो गरुडांना शिव्या देईल. थोड्या दिल्याच, पण मग म्हणाला की पक्ष्याचा काय दोष. "गरुडाला परत आणायला या देशाने विमानं पाठवली. माझ्या मुलीला बेटावर नोकरी आहे, पण राहायला घर नाही. तिच्यासाठी विमान कोण पाठवणार?"

मी गप्प बसलो. कारण आम्ही ज्या घरात उतरलो होतो ते एडिनबराच्या कुणाचं तरी सुट्टीचं घर होतं. आमच्यासारखे पाहुणे आठवड्याला जे भाडं देतात ते तिथल्या शिक्षिकेला किंवा नर्सला महिनाभर परवडणार नाही. मेंढ्यांनी माणसं घालवली ती पहिली फेरी. दुसरी फेरी आपण पर्यटक करतोय, फक्त जरा सभ्यपणे.

स्कॉटलंडने डोळे मिटून घेतलेत असं मात्र नाही. अल्पमुदतीने घरं भाड्याने द्यायला २०२२ पासून परवाना पद्धत सुरू झाली. एप्रिल २०२४ पासून सुट्टीसाठी ठेवलेल्या दुसऱ्या घरांवर दुप्पट स्थानिक कर लावायची मुभा तिथल्या परिषदांना आहे. आणि उल्वाची गोष्ट तर फारच सुंदर. २०१८ मध्ये मलच्या रहिवाशांच्या संस्थेने सरकारी निधीच्या आधाराने अख्खं उल्वा विकत घेतलं. हेतू एकच, तिथे पुन्हा माणसं राहावीत. जुनी घरं दुरुस्त झाली, काही कुटुंबं आली. आकडा अजून लहान आहे. पण गरुडांचाही पहिल्या दहा वर्षांत लहानच होता की. उल्वाला जायचं तर धक्क्यावरच्या भिंतीवरची पाटी सरकवायची. खालचा लाल रंग दिसला की पलीकडून होडी येते. आमच्या लेकीने पाटी सरकवली आणि खरंच होडी आली, तेव्हा तिला झालेला आनंद काही औरच होता.

काकांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. (फोन एक तास चालला.) ते म्हणाले, "ते ठीक आहे रे. पण आपल्याला काय त्याचं?"

आपल्याला बरंच काही आहे. माणसं असली की निसर्ग बुडतो, असं आपण धरून चालतो. गुहागरपासून लांब नसलेल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकरी मिळून समुद्रकासवांची अंडी राखतात. आधी तीच अंडी सर्रास पळवली जायची. आज पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, उकडीचे मोदक खातात. तिथे कासवंही आहेत आणि माणसंही आहेत. मलला जाऊन मला वेळासचं मोठेपण कळलं, हे जरा उशिरा झालं हे कबूल.

आणि दुसरी गोष्ट. कोकणातली माणसं कुणी छपरं काढून घालवली नाहीत. आम्ही आपणहून गेलो, मुंबईच्या गिरण्यांत, मग ऑफिसांत, मग विमानाने. पण गावात फिरलं की कुलपं तेवढीच दिसतात. त्यांतलं एक आमचंही आहे. गेली चार वर्षं घरात कुणी राहत नाही. काका शेजारच्या आळीत असतात, महिन्याला जाऊन दिवा लावून येतात. दोन वर्षांपूर्वी गावातल्या शाळेवर आलेल्या एका मास्तरांनी भाड्याने मागितलं होतं. तेव्हा नको म्हणणारा मी होतो. कारण काय, तर दिवाळीत आलो तर शांत घर हवं! मेंढपाळाच्या मुलीला घर न देणारा तो एडिनबराचा माणूस आणि मी, फरक फक्त अंतराचा.

काकांना विचारलं, ते मास्तर अजून आहेत का गावात. म्हणाले, "आहेत की. चिपळूणहून रोज एसटीने येजा करतात."

"त्यांना विचारून बघा. घर अजून हवं असेल तर द्या. भाडं तुम्ही ठरवा."

"आणि तुम्ही दिवाळीत आलात तर?"

"तुमच्या माळ्यावर झोपू."

काका हसले. म्हणाले, मास्तरांना दोन पोरं आहेत, अंगणात गोंधळ घालतील, तुला चालेल का? शांतता हवी असते ना तुला?

चालेल म्हटलं. पुढच्या खेपेला त्या घराचा फोटो काढीन, तेव्हा त्यात माणसं असतील.